सोनेरी होडी कुणी सोडली?

या, असे जवळ या. मागं भिंतीला टेकलेत त्यांनीही पुढं सरकावं, आणि हातातला मोबाईल घटकाभर पालथा घालावा, कारण गोष्ट त्याच्यातलीच आहे. देवाचं नाव घेऊन सुरुवात करतो. यात खून नाही, रक्त नाही. पण एक चोरी आहे, एका बाईमाणसावर आळ आहे, आणि तो खोटा ठरवायला जेमतेम आठवडा आहे. गोष्ट ऐकून झोप उडाली तर मला बोल लावू नका.

१

सोमवारी सकाळी माणसं आपापल्या खुर्चीवर टेकायच्या आतच ऑफिसात ओरड झाली, "होड्या गेल्या!"

ऑफिस एका मोबाईलवरच्या खेळाचं. खेळाचं नाव 'बेट'. फुकट खेळायचा. समुद्रात प्रत्येकाला एक बेट मिळतं. मासे पकडावेत, झोपडी बांधावी, दिवा लावावा. पण समोरच्या बेटावर आपलं माणूस असेल आणि त्याच्याकडे जायचं असेल, तर साधी होडी चालत नाही, लाटेत उलटते. सोनेरी होडीच लागते. ती विकत मिळत नाही. ती पेटीतून निघते, निघाली तर. पेटीला चावी हवी. रोज एक चावी फुकट, पुढच्या पैसे टाकून. आणि पेटीच्या झाकणावर ठसठशीत अक्षरं : 'सगळ्यांना सारखी संधी.'

एरवी अशी एखादी होडी निघाली तरी ऑफिसात कौतुक व्हायचं. त्या सकाळी समुद्रभर सोनेरी शिडंच शिडं.

मालकानं त्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना बोलावलं. बाई निवृत्त होत्या, पण लोकांच्या घरातल्या गाठी सोडवायची त्यांना हौस. बेपत्ता मृत्युपत्रं, गायब झालेले भाडेकरू, असलं सगळं त्यांच्याकडे यायचं.

"बसा बाई."

"मी बसते. तू आधी बस. वर्गातही तुझ्या पायाला भिंगरी होती."

तो बसला, उठला, पुन्हा बसला. "बाई, पेटीशिवाय हातानं होडी देता येते. खेळात काही बिघडलं तर भरपाई म्हणून. तसं करायची सोय तिघांकडेच आहे. होडी रंगवणारा चित्रकार. दुसरा तराजू."

"तराजू?"

"काय किती द्यायचं, कशाला किती मोल लावायचं, ते तोलतो. म्हणून सगळे तराजू म्हणतात. आणि तिसरी ताई. तक्रारींचे फोन घेते."

"हातानं दिलं तर त्याची नोंद राहत असेल की."

"राहते. तराजूनं पाहिली. म्हणतो, नोंद पुसलेली आहे." मालक पुढं वाकला. "आणि ज्यांना होड्या मिळाल्या ना बाई, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी अलीकडे ताईला फोन केला होता. रडत."

"मग झालं की. मला कशाला त्रास दिलास?"

"ती कबूल करत नाही. माणूस चांगली आहे, म्हणून पुढच्या सोमवारपर्यंत थांबतो. त्या दिवशी ती बाहेर, तिचं नाव पोलिसांत, आणि दिलेल्या सगळ्या होड्या परत."

दार उघडंच होतं. दारात ताई उभी होती.

"थांबता कशाला साहेब?" ती म्हणाली. "आत्ताच बोलवा पोलिसांना. फक्त त्यांना एवढं सांगा, की मी एकही होडी दिली नाही."

२

बाई आधी चित्रकाराकडे गेल्या. तो खुर्चीवर मांडी घालून बसला होता आणि त्याचा गुडघा शिलाई मशिनसारखा हलत होता.

"मीच दिल्या असत्या हो बाई, डोक्यात आलं असतं तर! मी जीव ओतून रंगवायची, आणि यांनी पेटीत कोंडायची. लोक माझं चित्र बघायला पैसे मोजतात आणि त्यांना बघायला मिळतं काय? रिकामी पेटी आणि उडणारं वटवाघूळ. तेही मीच काढलंय."

"वटवाघूळ छान आहे."

"थट्टा करता?"

"अर्धी. मग तू दिल्या नाहीस?"

"मी दिल्या असत्या तर मुकाट्यानं आल्या असत्या."

"म्हणजे कशा?"

"हातानं दिलेली होडी गुपचूप धक्क्याला बांधलेली सापडते. ना आवाज, ना उजेड. पेटीतून निघाली तरच घंटा वाजते. घर दणाणून सोडणारी." त्यानं पेन्सिल कानामागं खोचली. "ताईला सोडा बाई. ती दिवसभर लोकांच्या शिव्या खाते आणि संध्याकाळी त्यांच्याचसाठी हळहळते."

"आणि तराजू?"

"भला माणूस. हुशार. फक्त त्याच्या मोबाईलवर आमचा खेळच नाही. विचारलं की म्हणतो, वेळ मिळत नाही." चित्रकार हसला, पण त्याचा गुडघा थांबला. "ज्यानं समुद्र मोजला तो पाण्यात पाय का घालत नाही, हे मला कधी कळलं नाही."

३

ताईचं टेबल खिडकीजवळ. टेबलाच्या खालच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि डब्यात तिचा स्वतःचा मोबाईल.

"हा डब्यात का?"

"बाहेर असला की हात जातो." ती पुढं बोलणार एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तिनं बाईंकडे पाहिलं, बाईंनी उचल अशी खूण केली.

"हो काकू... ओळखलं ना मी. रडू नका आधी... नाही, अजून एक चावी घेऊ नका. नाही म्हणते ना! माझं ऐका. मोबाईल डब्यात घाला, झाकण लावा, डबा दुसऱ्याच्या हातात द्या. पुढच्या सोमवारी उघडा. तोवर मन थाऱ्यावर येतं. मग खेळायचं तर खेळा, सोडायचं तर सोडा."

फोन ठेवून तिनं कपाळ पुसलं. ऑफिसभर कुठं ना कुठं काहीतरी टुणटुणत होतं, कुणाची तरी खुर्ची करकरत होती.

"साहेबांना माहीत आहे, तू असं सांगतेस?"

"कुणी विचारलं नाही."

"त्यांच्या दुकानात बसून गिऱ्हाइकाला 'घेऊ नका' म्हणतेस!"

ताईला पहिल्यांदा हसू आलं, आणि तेवढ्यात डोळेही भरले. "सगळ्यांनाच सांगते बाई. लोक ऐकतातही. आता म्हणे तेच माझे साथीदार. माझा मुलगा शाळेत जातो. उद्या वर्गात कुणी म्हणालं, तुझी आई चोर, तर त्यानं काय उत्तर द्यायचं? नोकरी दुसरी मिळेल. नाव कुठून आणू?"

 बाईंनी पर्समधून आपला मोबाईल काढून तिच्यापुढं ठेवला.

"मला तो खेळ घालून दे ह्यात. पाण्यात पाय घातल्याशिवाय मला काही समजत नाही."

४

आता ऐका, काय झालं ते. दुसऱ्या दिवशी गणिताच्या बाई लिफ्टमध्ये मासे पकडत होत्या. चहा निवेपर्यंत झोपडीला छप्पर घालत होत्या. त्यांनी पैसे टाकले नाहीत, पण हात चाव्यांच्या चित्रापर्यंत जाऊन परत आला, तो कितीदा, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तराजूशी बोलायला बसल्या तेव्हाही त्यांचा अंगठा काचेवर फिरत होता.

तराजू नीटनेटका माणूस. बोलताना पेनाचं टोपण काढायचा, लावायचा.

"सगळ्यांना सारखी संधी. खरं आहे का रे हे?"

"झाकणावर लिहिलंच आहे, मॅडम."

"बाई म्हण. झाकणावर काय आहे ते मला वाचता येतं. एकाच सकाळी इतक्यांना होडी निघाली, हा योगायोग असेल?"

"अशक्य. म्हणून तर म्हणतो, हातानं दिल्या."

"आणि नोंद?"

"पुसली."

"कुणी?"

"ज्यानं दिल्या त्यानं."

"ताईला नोंद पुसता येते?"

टोपण अर्ध्यावर थांबलं. "शिकली असेल कुठून तरी."

"एक शंका आहे. नोंद पुसली की जागा रिकामी दिसते. नोंद कधी झालीच नाही, तरीही जागा रिकामीच दिसते. तू फरक कसा ओळखलास?"

 तराजूची नजर बाईंच्या फिरणाऱ्या अंगठ्यावर खिळली होती. मग तो अगदी हळू, वेगळ्याच आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही हे जास्त खेळू नका."

त्या सबंध भेटीत मनापासून निघालेलं हे एकच वाक्य होतं, आणि ते बाईंना वर्मी लागलं. त्या तडक ताईच्या टेबलाशी गेल्या.

"घे गं, टाक हा तुझ्या डब्यात. माझी लेक फोन करेल तर तिला तुझा नंबर दिलाय. काल पुढ्यातलं जेवण निवलं माझं, आणि मी एका वटवाघळाला शिव्या देत बसले होते!"

ताईनं मोबाईल डब्यात ठेवला आणि झाकण दाबून बसवलं. बाईंना एकदम हलकं वाटलं. पण त्या झाकणाखाली सगळ्या कोड्याचं उत्तर पडून आहे, हे त्या घडीला दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

५

आठवडा सरत आला. मालक काचेपलीकडे येरझाऱ्या घालत होता. बाईंनी होड्या मिळालेल्या आणि ताईला फोन केलेल्या लोकांना फोन लावले, आणि सगळे तेच सांगत होते : ताईला फोन केला होता, ताईनं धीर दिला, देव तिचं भलं करो. प्रत्येक आशीर्वाद ताईच्या गळ्यातला फास आणखी आवळत होता.

दोन माणसं मात्र या रांगेत बसेनात.

पहिली एक शिवणकाम करणारी बाई. तिचा सूर थकलेला, मागं मशिनची खडखड.

"तुम्ही ताईला फोन केला होता?"

"एकदा का? कितीदा तरी. फार गोड बोलते हो."

"मग तुम्हाला होडी मिळाली असेल."

"कुठली! रोज पेटी उघडते. समोर माझ्या धाकट्या बहिणीचं बेट आहे. संध्याकाळी ती दिवा लावते, मला दिसतो. खऱ्या आयुष्यात आम्ही बोलत नाही, घरातलं भांडण आहे. खेळात मात्र ती किनाऱ्यावर येऊन हात हलवते."

"ताईनं मोबाईल डब्यात ठेवायला सांगितलं होतं ना?"

"ठेवला होता की. दुपारपर्यंत." मशिन थांबलं. "आता इतकं घातल्यावर सोडायचं कसं, तुम्हीच सांगा. कधीतरी येईलच ना माझी पाळी? सारखी संधी म्हणून लिहिलंय त्यांनी."

दुसरे एक आजोबा, निवृत्त बसचालक. यांना होडी मिळाली होती, पण ताईकडे त्यांचा एकही फोन नव्हता.

"तक्रार? मी कशाला करू? जन्मभर लोकांच्या तक्रारी ऐकल्या मी!"

"मग होडी कशी मिळाली आजोबा?"

"देवाघरून! डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी होती, म्हणून सुनेनं मोबाईल कपाटात टाकला. सोमवारी पट्टी सुटली. म्हटलं, नवीन डोळ्यांनी आधी नातीचं बेट बघू. ती माझ्या लेकीबरोबर लांब असते. फुकटची चावी लावली, आणि बाई, घंटा! मांजर पलंगाखाली पळालं."

"घंटा वाजली? नक्की?"

"जन्मभर घंटेवर बस थांबवली आणि घंटेवर सोडली. मी घंटा ओळखणार नाही होय?"

बाईंनी फोन ठेवला. एकीनं फोन केला, तिला होडी नाही. एकानं फोन केला नाही, त्याला होडी आहे. म्हणजे फोनचा संबंधच नव्हता. मग संबंध होता कशाचा? पट्टी. कपाट. दुपारपर्यंत.

त्या ताडकन उठल्या. पलीकडे ताई खण ओढून, डबा मांडीवर घेऊन, झाकणाला नख लावत होती. बाईंच्या लेकीचा फोन आला होता आणि तिला कसलासा नंबर हवा होता.

"ताई!" बाई सगळ्या ऑफिसाला ऐकू जाईल अशा ओरडल्या. "डबा उघडू नकोस!"

६

सोमवारी सकाळी मालकाच्या खोलीत चौघं जमली. मधल्या टेबलावर बिस्किटांचा डबा.

"बाई, ही काय जादू आहे?" मालक उभाच होता.

"गणित आहे. बस." तो बसला. "तुझ्या होड्या कुणी हातानं दिल्या नाहीत. हातानं दिलेली मुकाट येते, हे चित्रकारानं सांगितलं. या सगळ्या घंटा वाजवत आल्या. म्हणजे पेटीतून आल्या. म्हणून नोंद नाही. पुसलेली नाही, कधी झालीच नव्हती."

तराजूनं खिशातलं पेन काढलं.

"मग होड्या मिळालेल्यांत सारखं काय? ताई. असं तुला वाटलं, कारण ते डोळ्यांत भरत होतं. पण आजोबांना ताई माहीतही नाही. आणि शिवणकामाची बाई ताईची रोजची, तिला वटवाघूळ. आजोबांनी मोबाईल कपाटात ठेवला होता. बाकीच्यांनी डब्यात, कारण ताई सगळ्यांना तेच सांगते, आणि पुढच्या सोमवारी उघडा म्हणते. शिवणकामाच्या बाईला दुपारपलीकडे दम निघाला नाही. तुझी पेटी नशिबाचा पाढा म्हणत नाही रे. ती बघत बसते, कोण उठून चाललंय. जो चालला, त्याला होडी दाखवून परत बसवते."

"हे नुसतं अनुमान झालं."

"म्हणून तर डबा आणलाय. मंगळवारपासून मी हा खेळ पाहिला नाही. पैसे कधीच घातले नाहीत. रोज खेळत होते तेव्हा रोज वटवाघूळ. आता फुकटची एक चावी." बाईंनी झाकण काढलं. "लाव ताई, तूच लाव. तुझ्यावर आळ आहे."

ताईनं चावी लावली. पेटी हलली, झाकण किलकिलं झालं. 

आणि घंटा वाजली.

घर दणाणून सोडणारी, अगदी चित्रकार म्हणाला होता तशी. सोनेरी शीड उलगडत गेलं आणि मालकाच्या तोंडावर त्याचा पिवळा उजेड पडला.

"योगायोग असेल," तो पुटपुटला.

"बंद करा ती घंटा," तराजू म्हणाला. त्यानं पेन टेबलावर ठेवलं. "योगायोग नाही. मी केलंय ते. या महिन्यात लोक खेळ सोडून चालले होते. साहेब म्हणाले, जाणाऱ्यांना थांबव, कसं ते मला सांगू नकोस. मी थांबवलं. गेल्या सोमवारी होड्या दिसल्या तेव्हाच मला समजलं होतं." त्यानं ताईकडे पाहायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "नोंद पुसली म्हणालो, कारण खरं सांगितलं असतं तर झाकणावरची ओळ खोटी ठरली असती."

"आणि मी चोर ठरले असते ते चाललं असतं?" ताई म्हणाली. मोठ्यानं नाही. त्यानंच तो जास्त वाकला.

मालकाचा तोल गेला. "पण बाई, खेळ फुकट आहे! कुणाच्या मानेवर आम्ही सुरी ठेवली? सगळेच असं करतात. ज्याला नको त्यानं खेळू नये."

"फुकट दिलास, खरं आहे. चाव्या विकल्यास, त्याबद्दलही माझं भांडण नाही. ऑफिस चालवायला पैसा लागतो. पण जरा हिशेब मांड. जाणाऱ्याला होडी, मग राहणाऱ्याला काय? ती शिवणकाम करणारी रोज येते, रोज चावी घेते. ती जाणार नाही, हे तुझ्या पेटीला माहीत आहे, म्हणून तिला पेटी कधी काही देणारच नाही. जो सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो, त्याची पाळी सगळ्यात शेवटी. आणि वर लिहिलंस, सारखी संधी." बाई थांबल्या. "तू वर्गात नापास झालास तेव्हा मी कधी रागावले नाही, आठवतं? मी एकदाच रागावले होते."

मालकानं मान खाली घातली. कशाबद्दल ते त्या दोघांनाच ठाऊक. मग तो उठला, आणि या खेपेला येरझाऱ्या न घालता सरळ बाहेरच्या हॉलमध्ये गेला.

"सगळे इकडे बघा," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला. "ताईनं काही चोरलं नाही. चूक माझी होती. तराजू आज ती युक्ती काढून टाकेल. होड्या कुणाच्याही परत घ्यायच्या नाहीत. आणि झाकणावरची ओळ पुसा. किती पेट्यांत एक होडी निघते, ते खरं लिहा तिथं. लोकांनी वाचून पळ काढला तर काढू दे."

खुर्च्या करकरल्या, कुणीतरी टाळी वाजवली, ती एकटीच पडली. ताई कुणाकडेही न बघता आपल्या टेबलाशी गेली आणि तिनं पहिला फोन आजोबांना लावला. खरं होतं ते सांगून टाकलं : नशीब नव्हतं, तुम्ही दूर होता म्हणून बोलावणं धाडलं होतं.

 "असं होय," आजोबा म्हणाले. "मला आपलं वाटलं, देवानं... बरं, ते असू दे. नातीच्या धक्क्याला होडी लागली, ती तर खरी ना? तिनं हात धरून मला झोपडी दाखवली, तेही खरंच. मग देवानं कुठल्या चोराच्या हातून धाडली, ते मी विचारत नाही."

ताई हसली, तिनं डोळे पुसले आणि दुसरा फोन लावला, शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला. घंटी वाजत राहिली. तिनं पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. फोन तर त्याच मोबाईलवर जात होता, ज्यात समुद्र होता, पेटी होती, आणि समोर बहिणीचा दिवा होता. हातातली पेटी अर्धी उघडलेली असताना कोण फोन उचलेल?

ताई अजून लावते आहे.

तर मंडळी, सोडवल्या कोड्याबद्दल बाईंचं कौतुक करा, ताईच्या सुटकेबद्दल देवाचे आभार माना. पण घरी जाऊन पालथा मोबाईल सुलटा करताना एकदा तिची आठवण ठेवा, जिला होडी मिळाली नाही, जिला अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि जी या क्षणी आणखी एक चावी लावून पाळीची वाट बघते आहे. आणि तुमचीही कुणी बहीण समोरच्या किनाऱ्यावर हात हलवत असेल, तर पेटी उघडू नका. तिला फोन करा.